तिचं माप सहा जणांचं

ऑगस्ट. सात वाजले तरी प्लोवदिवचं ऊन
बाल्कनीच्या कठड्यावर कोपर टेकून उभं,
जायचं नाव काढत नाही.
बस डेपोतून घरी येते मी,
बोटांना तिकिटांची शाई, तळपायांची आग आग.

जिन्यात रुम्याना. दोन पिशव्या, घामेजलेली मान.
"आज काय करणार आहेस?"
आमच्या आयाही हेच विचारायच्या, याच पायऱ्यांवर,
आणि उत्तराला कुणी थांबायचं नाही.
"आज जो ओव्हन लावेल ना," ती म्हणते,
"त्याला धरून बडवला पाहिजे."
मी पिशवी उघडून दाखवते:
लाल, लांबट, जाड सालीच्या मिरच्या,
तीन किलो, बाजारातल्या बाईनं गळ्यात मारलेल्या.
"मग तुझ्यापासूनच सुरुवात करू."

मिरच्या भाजायचं यंत्र प्रत्येक बाल्कनीत आहे.
मातीचं नळकांडं, आत लालबुंद तार,
एका वेळी एकच मिरची पोटात घेतं
आणि काळी करून परत देतं.
बाजारात मिरच्या स्वस्त झाल्या की
सगळी इमारत एकाच दिवशी भाजायला बसते,
कुणी कुणाला सांगितलेलं नसतं.
धूर वर चढतो, वाळत घातलेल्या चादरींत शिरतो,
आठवडाभर आम्ही सगळे मिरच्यांच्या वासात झोपतो.

चौथ्या मजल्यावर पेन्का कलिंगड कापते
आणि त्यावर पांढरं खारट चीज कुस्करते.
ती याला जेवण म्हणते.
नवरा शिक्षा म्हणतो, आणि तिसरी फोड उचलतो.

तळमजल्यावर म्हातारे दोब्री काकडी किसतात.
फोन टेबलावर, मिठाच्या बरणीला टेकवलेला,
फोनमध्ये स्तोयान्का, इटलीतल्या कुठल्याशा गावात,
परक्या म्हातारीला सूप भरवून नुकतीच मोकळी झालेली.
"लसूण किती?"
"चार पाकळ्या."
"शेपू?"
"मूठभर. तुझी नाही, माझी मूठ."
तीन उन्हाळे झाले, उत्तरं त्यांना पाठ आहेत.
तरी विचारतात.

मग एकदम फट् झालं.
अठरा यंत्रं, एक बिचारा फ्यूज.
पंखे थांबले, जिना काळा झाला,
माझ्या हातात अर्धी मिरची कच्ची, अर्धी कोळसा.
कुणीतरी वीजमंडळाला शिव्या घातल्या,
कुणीतरी रुम्यानाच्या मुलाला,
तो यंदा वायरमनचं शिकतोय म्हणून.

घरात बसवेना. एकेक करून खाली उतरलो,
हातात जे होतं ते घेऊन:
पाव, कलिंगडाची ताटली, एक टोमॅटो,
पेन्काच्या नवऱ्याची द्राक्षाची दारू,
जी एरवी पाहुण्यांनाही दिसत नाही.

दोब्रींच्या दारात बादलीएवढं पातेलं.
दही, गार पाणी, काकडी, कुटलेले अक्रोड,
वर तेलाचे छोटे छोटे चंद्र.
"एवढं कशाला केलंत?" मी विचारलं.
"तिचं माप सहा जणांचं."
"मग कमी माप विचारायचं ना."
ते वाडग्यात ओतत राहिले. मी गप्प बसले.

पहिला घोट घशाखाली गेला
आणि डेपो, तिकिटं, दुपारचं भांडण,
सगळं एकेक पायरी खाली उतरलं.
दातांत अक्रोड, जिभेवर शेपूचा हिरवा चावटपणा.
उजेड फक्त त्या फोनचा.
"काय वाजतंय?" स्तोयान्कानं विचारलं.
"चमचे," दोब्री म्हणाले.
"किती?"
त्यांनी फोन उचलला, आमच्यावरून फिरवला,
अंधारात तिला काय दिसलं कोण जाणे.
"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली.
खरंच कमी होतं.

साडेदहाला वीज आली. कुणी हलेना.
नंतर वर जाऊन मी सिंकपाशी उभी राहिले,
उरलेल्या अडीच किलो मिरच्यांकडे बघत,
आणि यंत्राचा प्लग पुन्हा लावला.